तळव्याखाली काय?

पंडित चित्रेश दास आणि जेसन सॅम्युएल्स स्मिथ ‘इंडिया जॅझ स्वीट्स’ हा कार्यक्रम एकत्र करत, तेव्हा रंगमंचावर एक विलक्षण जोडी उभी राही. एक साठी ओलांडलेले कोलकात्याचे कथक गुरू, अनवाणी, घोट्यापासून वर घुंगरांचे वेढे. दुसरा त्यांच्या निम्म्याहून कमी वयाचा न्यूयॉर्कचा टॅप नर्तक, पायात धातूच्या पट्ट्या ठोकलेले बूट. एकानं पायानं तुकडा टाकायचा, दुसऱ्यानं तो उचलून आपल्या ढंगानं परत करायचा. दोघंही पायांनी तालच वाजवत होते आणि दोघांच्या पायांखाली लाकूडही तेच होतं. तरीही एकाला बूट चालला नसता आणि दुसऱ्याचं बुटावाचून अडलं असतं.

‘ज्याची त्याची परंपरा’ असं म्हणून हा प्रश्न सोडून देता येतो, पण मग त्यातली खरी गंमत हातची जाते. टॅपच्या बुटाला चवड्याखाली एक आणि टाचेखाली एक अशा दोन पट्ट्या असतात. आवाज येतो तो धातू लाकडावर आदळल्यावर, म्हणून तो टणक, लख्ख आणि सुटा असतो. कथकमध्ये आवाजाचे उगम दोन. एक घुंगरांचा आणि दुसरा खुद्द तळव्याचा. सबंध तळव्याची सपाट थाप, नुसत्या टाचेचा ठोका आणि चवड्याचा हलका स्पर्श, हे तीन वेगळे बोल आहेत, आणि चांगल्या नर्तकाच्या तत्कारात, म्हणजे पदन्यासात, डोळे मिटूनसुद्धा ते वेगळे ओळखता येतात. या पायाला जाड तळाचा बूट घातला तर तिन्ही बोल एकाच ‘धप्प’मध्ये बुडून जातील. टॅपवाल्याचे बूट काढले तर त्याचं वाद्यच काढून घेतल्यासारखं होईल.

नाच आणि पादत्राण यांचा संबंध समजून घ्यायचा तर प्रत्येक नाचाला एकच प्रश्न विचारावा: या पावलाला जमिनीकडून काय हवं आहे? आवाज हवा, पकड हवी, घसरण हवी की उसळी हवी? बूट, सपाता, मोजे किंवा उघडा तळवा हे त्या मागणीचं अर्धं उत्तर असतं. उरलेलं अर्धं उत्तर जमिनीत असतं, आणि आपल्याकडे नेमक्या त्याच अर्ध्याकडे फार दुर्लक्ष झालं आहे. या प्रकरणाचा शेवट म्हणूनच फरशीपाशी होणार आहे.

आधी उघडा पाय. माणसाच्या एका पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे असतात. त्यांना बांधून ठेवणारे अस्थिबंध, कमान तोलून धरणारे स्नायू आणि तळव्याची जाड, बिनकेसांची त्वचा. या त्वचेत दाब, ताण आणि कंप टिपणाऱ्या चेतातंतूंची टोकं दाटीनं असतात. वजन टाचेवर आहे की बाहेरच्या कडेवर, जमीन थंड आहे की दमट, पाय किती सरकला, ही सगळी खबर मेंदूला क्षणोक्षणी मिळत राहते आणि तोल त्या खबरीवर चालतो. तळव्याला घामही भरपूर येतो. थोडा ओलावा असला तर त्वचा जमीन धरून ठेवते, कोरड्या ठणठणीत पायाला ती पकड मिळत नाही आणि घाम फार झाला तर पाय निसटतो. अनवाणी नाचणारे कलाकार रंगमंचावर जाण्याआधी तळवा ओल्या फडक्यानं पुसतात ते नुसत्या स्वच्छतेसाठी नव्हे.

भारतातल्या शास्त्रीय नृत्यांनी या तळव्याचा जेवढा वापर केला आहे तेवढा जगात क्वचितच कोणी केला असेल. भरतनाट्यममध्ये गुडघे बाहेर वळवून अर्धवट बसायचं, म्हणजे अरैमंडी घ्यायची, आणि पाय उचलून सबंध तळवा सपाट आपटायचा. तट्टडवूपासून शिक्षण सुरू होतं ते इथूनच. नाट्टडवूत टाच पुढे टेकते, बोटं आकाशाकडे. कथकमध्ये चक्कर टाचेवर घेतली जाते. टाचेची गोल, कठीण जागा जमिनीला अगदी थोडी टेकते, घर्षण कमी होतं आणि गिरकीमागून गिरकी त्याच ठिकाणी घेता येते. कथकली पाहताना नटाच्या पायांकडे जरूर बघावं: तो पावलाच्या बाहेरच्या कडेवर उभा असतो, बोटं आखडलेली, तळवा किंचित आत उचललेला. कुचिपुडीच्या तरंगम या प्रकारात नर्तकी पितळी ताटाच्या काठावर पाय रोवते आणि ताटासकट पुढे सरकते. पायाची बोटं ताटाची कड धरून असतात. यातलं एकही काम बुटात होणार नाही, मग तो बूट कितीही मऊ असो.

घुंगरू हाही या पायाचा अलंकार नसून वाद्य आहे. कथकची घुंगरं सुती दोरीत, प्रत्येक घुंगरामागे गाठ मारून ओवतात आणि ती दोरी घोट्याभोवती गुंडाळत वर नेतात. शिकाऊ मुलगी पंचवीस-पन्नास घुंगरांपासून सुरुवात करते. तयार कलाकार एकेका पायात शंभर, दीडशे, कधी त्याहूनही जास्त बांधतात. भरतनाट्यमची घुंगरं चामड्याच्या किंवा मखमली पट्ट्यावर ओळींत शिवलेली असतात. फरक कामाचा आहे. दोरीतलं घुंगरू मोकळं असतं आणि बारीकशा हालचालीलाही बोलतं. पट्ट्यावरचं घुंगरू पायाशी घट्ट राहतं आणि थापेबरोबर एकदम वाजतं. लावणीतल्या नर्तकीचे भरगच्च चाळ ढोलकीच्या बरोबरीनं वाजायचे असतात, कारण समोरचा फड मोठा, प्रेक्षक लांबवर बसलेला आणि पूर्वी तर ध्वनिक्षेपकही नसायचा. इतकं वजन घोट्यावर घेऊन तासन्‌तास नाचणाऱ्या बायकांची पोटरी आणि नडगी काय सोसते हे त्यांनाच ठाऊक.

लावणीच्या बाबतीत एक गोष्ट हटकून सांगायला हवी. तमाशाचा फड गावात उतरला की जमिनीपासून उंचावर फळ्या टाकून रंगमंच उभा करत. फळ्यांखाली पोकळी. नर्तकीनं पाय आपटला की फळी दबते, परत वर येते आणि खालची पोकळी घुमते. आवाजाला साथ आणि पायाला आधार, दोन्ही एकाच वेळी मिळतात. ही सोय कुणी जाणून केली की गरजेतून आपोआप झाली, कसंही असो. नाचासाठी ती उत्तम जमीन होती. जपानच्या नो रंगभूमीनं हेच तंत्र फार विचारपूर्वक वापरलं आहे. तिथला रंगमंच हिनोकी या सुगंधी लाकडाचा असतो, आणि जुन्या रंगमंचांच्या खाली मोठमोठे मातीचे रांजण ठेवलेले असत, पायाचा ठोका घुमावा म्हणून. नट पांढरे सुती मोजे घालतो, अंगठा आणि बाकीची बोटं वेगळी असणारे ताबी. नो नाटकातलं चालणं म्हणजे टाच न उचलता पाऊल जमिनीवरून सरकवत नेणं. उघडा पाय त्या गुळगुळीत लाकडाला अडखळला असता. सुती मोजा अलगद घसरतो.

युरोपात मात्र गोष्ट बुटातूनच सुरू झाली, आणि तीही टाचेच्या बुटातून. फ्रान्सचा राजा चौदावा लुई स्वतः नाचायचा. त्यानं १६६१ साली पॅरिसमध्ये नृत्याची राजमान्य अकादमी स्थापन केली. त्याच्या दरबारात पुरुषांच्या बुटांना लाल टाचा असत आणि बॅले याच दरबारी बुटात वाढला. पुढच्या शतकात मारी कामार्गो या नर्तकीनं टाचा काढून टाकल्या आणि झगा घोट्याच्या वर नेला, असं बॅलेचे इतिहासकार सांगतात. हवेत उडी घेऊन पाय एकमेकांवर झटपट आपटण्याच्या ज्या हालचाली पुरुष करत त्या तिला करायच्या होत्या, आणि लोकांना त्या दिसायलाही हव्या होत्या. टाच गेल्याबरोबर घोटा मोकळा झाला आणि उडी उंचावली. एका कारागिरीच्या बदलानं सबंध कलेची उंची बदलावी, अशी उदाहरणं थोडी आहेत.

मग आला १८३२ सालचा ‘ला सिल्फीद’. पॅरिसच्या ऑपेरात मारी ताग्लियोनी परी झाली होती आणि परीनं जमिनीला टेकू नये अशी कल्पना होती. ती पायाच्या बोटांच्या टोकांवर उभी राहिली. तिच्या पायात आजच्यासारखा कडक बूट नव्हता. साटीनच्या मऊ सपाता होत्या, टोकाशी आणि कडांना दोऱ्यानं घट्ट रफू केलेल्या. बाकी सगळी ताकद पायाची. पुढे इटलीतल्या कारागिरांनी टोक कडक केलं, आणि त्या बुटाच्या आधारावर पिएरिना लेन्यानी हिनं १८९५ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या ‘स्वान लेक’मध्ये एका पायावर लागोपाठ ३२ गिरक्या घेतल्या. त्या ३२ गिरक्या आजही त्या भूमिकेची परीक्षा मानल्या जातात.

आजचा पॉइंट शू हातात घेतला तर आश्चर्य वाटतं. त्याच्या टोकातला तो दगडासारखा कडक डबा लाकडाचा किंवा लोखंडाचा असेल असं वाटतं. प्रत्यक्षात तो कागद, गोणपाटासारखं कापड आणि खळ यांच्या थरांचा असतो. लंडनच्या फ्रीडसारख्या कारखान्यात कारागीर बूट उलटा शिवतात, मग सुलटा करतात, टोकाला आकार देतात आणि भट्टीत तो रात्रभर वाळवतात. प्रत्येक कारागिराची तळव्यावर स्वतःची खूण असते आणि अनेक नर्तकी वर्षानुवर्षं एकाच खुणेचे बूट मागवतात, कारागिराला न भेटताही. बूट हाती आला की नर्तकी तो मोडते. जमिनीवर आपटते, तळ वाकवते, टोकाला रफू करते, फिती स्वतःच्या हातानं शिवते. आवाज कमी व्हावा आणि बूट पायाबरोबर वाकावा यासाठी ही धडपड. घामानं आणि दाबानं खळ मऊ पडते. मोठ्या भूमिकेत एक जोडी एका प्रयोगात संपू शकते.

या बुटाबद्दल आईवडिलांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. तो खेळणं नाही. बॅले शिकणारी मुलगी काही वर्षं मऊ बुटात तयारी करते आणि साधारण अकरा-बारा वर्षांच्या आधी जबाबदार शिक्षक तिला बोटांच्या टोकांवर उभं करत नाहीत. तेव्हाही वयापेक्षा घोट्याची, कमरेची आणि पोटाची ताकद बघतात. पावलाची हाडं अजून वाढत असतात आणि सगळं वजन बोटांच्या टोकांवर येतं. समाजमाध्यमांवर छान दिसतं म्हणून ऑनलाइन पॉइंट शू मागवून घरच्या टाइल्सवर उभी राहणारी मुलगी स्वतःच्या पायांशी फार महाग सौदा करत असते. मुलग्यांना हा प्रश्न सहसा येत नाही, कारण पुरुष नर्तक मऊ तळाच्या बुटात नाचतात. मुंबईतल्या दोन मुलांच्या बॅले-शिक्षणावर सूनी तारापोरवाला यांनी ‘ये बॅले’ हा चित्रपट २०२० मध्ये केला. त्या मुलांचे पाय बघितले तर मऊ बूट असूनही किती मेहनत लागते हे कळेल.

बुटाच्या रंगाचीही एक गोष्ट आहे, आणि ती सौंदर्याइतकीच न्यायाची आहे. गुलाबी साटीन निवडलं गेलं ते गोऱ्या पायाची रेषा पुढे लांबवण्यासाठी. काळ्या नर्तकीच्या पायात तोच बूट तिची रेषा घोट्यापाशी कापतो. आर्थर मिचेल यांच्या डान्स थिएटर ऑफ हार्लेमनं १९७० च्या दशकात मोजे आणि बूट नर्तकीच्या कातडीच्या रंगात रंगवायला सुरुवात केली. तरी बहुतेक काळ्या आणि सावळ्या नर्तकी आपापले बूट मेकअपनं रंगवत राहिल्या. फ्रीडनं ‘बॅले ब्लॅक’ या संस्थेबरोबर तपकिरी छटांचे बूट बाजारात आणले ते २०१८ साली. एवढ्या साध्या गोष्टीला इतकी वर्षं लागायला नको होती.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिमेत अनवाणी नाचणं हे बंड होतं. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेली इझाडोरा डंकन ग्रीक शिल्पांसारखा सैल झगा घालून, बूट-मोजे काढून युरोपच्या रंगमंचांवर आली तेव्हा कित्येकांना धक्का बसला. तिच्या दृष्टीनं कडक बूट म्हणजे शरीराला घातलेला बंद. पुढे मार्था ग्रॅहमनं जमिनीकडे झुकणारं, जमिनीवर पडून उठणारं नृत्य उभं केलं आणि त्यात अनवाणी पाय हा नियमच झाला. आपल्याकडे या बंडाची गरज नव्हती. पाय मुळातच उघडा होता. पण या दोन जगांचा एक सुंदर सांधा रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या आयुष्यात सापडतो. त्या आधी बॅले शिकल्या, अॅना पावलोवाच्या कंपनीतल्या क्लिओ नॉर्डीकडे. आपल्या देशाच्या नृत्याकडे वळ, असं पावलोवानंच त्यांना सुचवलं. त्या भरतनाट्यमकडे वळल्या आणि १९३६ मध्ये मद्रासेत कलाक्षेत्र उभं राहिलं. बॅलेच्या बुटापासून अनवाणी तट्टडवूपर्यंतचा हा प्रवास एका पिढीचं मन बदलून गेला.

फ्लॅमेंको नाचणारी स्पॅनिश नर्तकी मात्र बुटाला सोडायला कधीच तयार होणार नाही. तिच्या बुटाच्या टोकाला आणि टाचेला खालून असंख्य बारीक खिळे दाटीवाटीनं ठोकलेले असतात. लाकडी फळ्यांच्या मंचावर टाच आणि टोक आळीपाळीनं आपटत ती जो कडकडाट उठवते त्याचं कथकमधल्या पायांच्या लडीशी नातं आपल्या कानांना लगेच कळतं. टॅपची कहाणी अधिक वेदनेची आहे. अमेरिकेत दक्षिण कॅरोलिनात १७३९ साली गुलामांनी बंड केलं, त्यानंतरच्या वर्षी तिथल्या कायद्यानं त्यांच्या ढोलांवर बंदी घातली. ढोल गेले, ताल राहिला. तो हातांत, मांड्यांवर, पायांत उतरला. आयर्लंडहून आलेल्या गरीब स्थलांतरितांच्या कडक बुटांच्या नाचाशी त्याची गाठ शहरांतल्या गल्ल्यांत पडली आणि त्यातून टॅप घडत गेला. आधी लाकडी तळ होते, धातूच्या पट्ट्या सर्रास झाल्या त्या विसाव्या शतकात. बिल रॉबिन्सनसारखा बादशहा तर लाकडी तळाच्याच बुटांवर निष्ठा ठेवून राहिला. ज्याचं वाद्य काढून घेतलं त्यानं पायालाच वाद्य केलं, हे टॅप बघताना माझ्या मनातून कधी जात नाही.

घसरण हवी असणाऱ्या नाचांचा हिशेब वेगळा. टँगो, वॉल्ट्झ, साल्सा यांच्या बुटांचा तळ केसाळ चामड्याचा, म्हणजे स्वेडचा असतो. तो लाकडावर सरकतो, पण बेफाम घसरत नाही. तारेच्या ब्रशनं त्याची लव अधूनमधून उभी करावी लागते आणि तो घालून रस्त्यावर पाऊल टाकायचं नसतं. एकदा धूळ-पाणी बसलं की तळ गेला. बॅलेवाल्यांची गरज उलट असते. त्यांना पाय रोवायचा असतो, म्हणून ते राळेच्या भुकटीत बूट घासतात. कॅरमच्या पटावर पावडर टाकतो ती सोंगटी सरकावी म्हणून. राळ टाकतात ती पाय उभ्या जागी धरला जावा म्हणून. गोव्याच्या मांडोत स्त्रिया पायमोज्यांवर कलाबुतीच्या मखमली सपाता घालतात. समोरासमोरच्या दोन रांगा, हातात पंखा, पाऊल संथ आणि अलगद. तिथं आपटायचं काही नाहीच, मग सपातीसारखं दुसरं योग्य पादत्राण कोणतं?

ब्रेकिंग हा नाच २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पोचला. त्याला रबरी तळाचे सपाट, हलके बूट लागतात, कारण गिरकी पाठीवर, हातांवर किंवा डोक्यावर घेतली जाते आणि पाय ब्रेकचं काम करतात. हेच रबर इतरत्र घातक ठरतं. झुंबाच्या किंवा बॉलिवूड नाचाच्या वर्गाला लोक धावण्याचे बूट घालून जातात. हा बूट सरळ रेषेत पुढे जाण्यासाठी बनवलेला असतो. त्याचा जाड रबरी तळ जमीन सोडत नाही; अंग वळतं, पाय तिथंच राहतो आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. जाड तळामुळे बाजूला पाऊल टाकताना घोटाही मुरगळतो. नाचासाठीच्या स्नीकरला चवड्याखाली गुळगुळीत गोल जागा असते, वळता यावं म्हणून. तसा बूट नसेल तर कमी खाचांचा, पातळ आणि सपाट तळाचा बूट त्यातल्या त्यात बरा. नवरात्रात मैदानावर गरबा खेळणाऱ्यांनाही हेच लागू. गरबा मुळात अंगणातला, मध्ये दिवा ठेवलेल्या घटाभोवतीचा, म्हणून अनवाणी. डांबर किंवा सिमेंटवर चार-पाच तास खेळायचं असेल तर पातळ तळाची, पायाला घट्ट बसणारी मोजडी किंवा कापडी बूट घालण्यात देवीचा कोणताही अवमान नाही.

आता फरशी. आपला नर्तक आधी भूमीला वंदन करतो, तिच्यावर पाय आपटणार म्हणून क्षमा मागतो. रंगमंचावर चढताना चपला बाहेर राहतात. मराठी नाट्यगृहांत तर तांत्रिक कामगारही पायताण विंगेबाहेर सोडतात. ही भावना मला खरी आणि मोलाची वाटते. पण ती भावना जिच्याविषयी आहे ती भूमी आता कुठे आहे? शेणानं सारवलेली जमीन, मुरमाचं अंगण, फळ्यांचा फड, हे सगळं थोडंफार दबत होतं. आज शहरातली बहुतेक मुलं नृत्य शिकतात ती सोसायटीच्या हॉलमध्ये, शाळेच्या वर्गात, इमारतीच्या गच्चीवर. खाली सिमेंटचा कोबा आणि त्यावर टाइल किंवा शहाबादी. ती दबत नाही. पाय जितक्या जोरानं आपटावा तितका धक्का टाचेतून नडगीत, गुडघ्यात आणि कमरेत परत येतो. आधी नडगी दुखते. मग टाच सकाळी उठल्याउठल्या ठणकू लागते. दुखणं दाबून रियाज चालू ठेवला तर पावलाच्या किंवा नडगीच्या हाडाला बारीक तडा जाऊ शकतो, आणि तो साध्या क्ष-किरण चित्रात सुरुवातीला कित्येकदा दिसतही नाही.

बॅले आणि आधुनिक नृत्याच्या शाळांनी यावर तोडगा केव्हाच काढला. सिमेंटवर लाकडी पट्ट्यांचे आडवे-उभे थर किंवा रबराच्या गाद्या, त्यावर प्लायवूड, वर लाकूड किंवा विनाइलचा पातळ थर. अशी जमीन पायाखाली किंचित दबते आणि उसळून परत येते. नुसतं विनाइल सिमेंटवर चिकटवलं तर पकड मिळते, धक्का मात्र तसाच राहतो. योगासनांची मॅट तर उपयोगाचीच नाही. ती पायाला चिकटते आणि वळणाऱ्या गुडघ्याला इजा करते. ज्यांना बूट आहेत त्यांनीसुद्धा जमीन मऊ केली आणि ज्यांचा पाय उघडा त्या आपल्याकडे जमीन दगडाची राहिली, ही उलटी गत बदलायला हवी. अशा तक्तपोशीचा, म्हणजे फळ्यांच्या जमिनीचा, खर्च मोठा वाटतो, पण छोट्या वर्गाला दोन थर प्लायवूड आणि खाली रबरी तुकडे एवढं स्थानिक सुतारही करून देतो. तत्कारही त्यावर सुरेख बोलतो. टाइलवर जो ठोका बसका येतो तो लाकडावर भरून येतो.

पायाची निगा ही या शिक्षणाचाच भाग मानावी. रियाजानंतर पाय कोमट पाण्यानं धुऊन पुसावेत, बोटांच्या बेचक्यांत ओल ठेवू नये. टाचेच्या भेगांना कोकणात आमसुलाचं तेल पातळ करून भरतात. जुना आणि चांगला उपाय आहे. तळव्याचे घट्टे मुळापासून कापू नयेत, नाचणाऱ्याला थोडं जाड कातडं हवंच असतं. फक्त ते खरखरीत होऊन फाटणार नाही एवढं घासावं. पंचाहत्तर-शंभर घुंगरं बांधायची घाई कोणत्याही मुलीला करू देऊ नये. आणि मधुमेह असणाऱ्यांनी, विशेषतः पायाची संवेदना कमी झालेल्यांनी, अनवाणी नाचू नये. निवृत्तीनंतर हौसेनं कथक शिकायला येणाऱ्या कितीतरी जणांना ही गोष्ट कुणी सांगतच नाही. त्यांनी डॉक्टरांना पाय दाखवून पातळ, मऊ तळाचे नृत्यमोजे किंवा सपाता वापराव्यात, आणि गुरूंनी त्याला मोकळेपणानं परवानगी द्यावी.

मुलीला किंवा मुलाला नृत्याच्या वर्गाला घालायचं ठरवलं असेल तर फी आणि वेळ विचारण्याआधी स्वतः चपला काढून त्या जमिनीवर थोडा वेळ टाच आपटून बघा. झिणझिण्या पोटरीपर्यंत चढल्या तर शिक्षकांशी फरशीबद्दल बोला. बहुतेक शिक्षक स्वतःच्या दुखऱ्या गुडघ्यांमुळे ते आधीच जाणून असतात. त्यांच्याजवळ पैसे नसतात किंवा हॉल भाड्याचा असतो. चार-सहा पालकांनी मिळून तक्तपोशीचा खर्च उचला, आणि उचलून ठेवता येतील असे तुकडे सुताराकडून करून घ्या, म्हणजे हॉलवाल्यांचीही हरकत राहणार नाही.